हापिसच्या टायमाचा पिंगळा

माजं नाव कडूबाई. नाव कडू, जीभ गोड, आन तोंडाचं तर इचारूच नगा! आमच्या पंचायतीनं भोंगा घेतला तवाच मी म्हनलं व्हतं, "कशाला पैसा घालवता रे बाबांनो? मी हाय ना!" भोंगा वेशीपस्तोर ऐकू येतो. माजी बातमी ताडकळसच्या बाजारात जाती, तितून यष्टीत बसती, पूर्णेला रेल्वे धरती आन सांजच्याला परत माज्याच दारात येती. ती बी अशी नटूनथटून, की माजी मलाच वळकू येत न्हाई!

म्हनून तर धम्मशीला माज्याकडं आली.

धम्मशीला म्हंजी आमच्या सुलाबाईची लेक. परभनीला शिकली आन एका संस्थेत लागली. काम काय, तर गावोगाव फिरून शेतकऱ्यांस्नी सांगायचं, कोनता किडा आपल्या कामाचा हाय, कोनतं जनावर मारू नगा, कोनतं झाड तोडू नगा. पोरगी न्हवं, निखारा! एकदा व्यंकटरावाच्या गोठ्यात धामण निगाली. घरातले गडी काठ्या घिऊन म्हशीच्या मागं दडले, आन म्हैस गड्यांच्या मागं दडली! ही एकटी आत गेली, आमी वेनी धरताव तशी धामण धरून बाहीर आली, आन म्हनती कशी, "उंदरं खाती बिचारी. पगार बी मागत न्हाई. कशाला मारता?" मी त्या दिसापासून ह्या पोरीला मनातल्या मनात सलाम ठोकते.

पन तिच्या कार्यक्रमाला मानूस म्हनून येईना! मागच्या म्हैन्यात गांडुळाचा कार्यक्रम ठिवला, तर आलं कोन? मी, दोन शेरडं आन एक म्हातारा. म्हातारा बी सावलीला झोपल्याला व्हता, त्याला कार्यक्रम हाय हेच ठावं नव्हतं!

त्या दिशी मातर पोरीचं तोंड पार उतरल्यालं.

"आजी, व्यंकटकाका लिंब तोडायलेत. शनवारी मशीनवाला येनार हाय."

ह्यो लिंब म्हंजी कडूलिंबाचं जुनं झाड, शाळेच्या अंगाला, व्यंकटरावाच्या बांधावर. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी ऱ्हाती. पिंगळा म्हंजी लहान घुबड. मुठीएवढं पाखरू, पन डोळे असे, की गणिताच्या मास्तरानं बघून शिकावं! मागच्या पंचायतीच्या इलेक्शनला व्यंकटराव पडले, तवापासून त्यांचा सगळा राग त्या पाखरावर. "आठ दिस हे बेनं माज्या बांधावर बसून वरडत व्हतं! त्याच्या अपशकुनानंच मी पडलो!" असं ते येईल त्या पाव्हन्याला च्यासंगं सांगत.

"आन ढोलीत दोन पिल्लं हायत, आजी. अजून उडता येत न्हाई त्यांना. झाड पडलं की..."

पुढं पोरीच्यानं बोलवंना. मी बी गप बसले. आता मी गप बसले म्हंजी मामला किती अवघड असंल, तुमीच बगा!

"तू बोललीस का त्यांच्यासंगं?"

"लय बोलले. काका म्हनले, 'तुज्या कार्यक्रमाला शेरडं सोडून कोन येतंय? आदी गाव जमव, मंग माज्यापुढं बोल.' शुक्रवारची सांज दिलीय मला. पन्नास मानसं तरी पायजेत, आजी."

"पन्नास? अगं, पन्नास तर माज्या शिंकेला जमत्यात!"

पोरीनं हात जोडले. "आजी, एकच करा. एक अक्षर जास्तीचं बोलू नगा. 'शुक्रवारी दिवस मावळायच्या आदी लिंबापाशी पिंगळा बघायला या.' बास. एवढंच सांगायचं."

"शपत!"

"कुनाची?"

"नर्मदाबाईची!"

नर्मदाबाई माजी मैतरीन. तिची शपत मी आजपस्तोर इतक्यांदा मोडलीय, तरी बाई ठनठनीत हाय.

तर नळावर पयली गाठ तिचीच पडली. तिचे कान जड हायत, पन जीभ पिसावानी हलकी.

"नर्मदे, शुक्रवारी दिवस मावळायच्या आदी लिंबापाशी पिंगळा बघायला ये."

नर्मदाबाईची घागर वाहू लागली तरी तिचं ध्यान न्हाई. "पिंगळा? जोशीबाबा? कंदीलवाला? भविष्य सांगनारा?"

आता शहरातल्या वाचनाऱ्यांसाठी सांगते. पिंगळा दोन असत्यात. एक ह्ये पाखरू. आन दुसरा मानूस, पहाटं अंधारात कंदील घिऊन, कुडमुडं वाजवत दारात येनारा जोशी. त्याला म्हनं पिंगळ्या पाखराची भाषा कळती. पाखरू त्याला सांगतं, त्यो आपल्याला सांगतो. त्याच्या झोळीत सूपभर जवारी घाला, जुनं धोतर-लुगडं द्या, की लेकराबाळांचं समदं चांगलं! नाव दोघांचं एकच. पन मानसाला आमी पाटावर बसवताव, आन पाखराला धोंडा मारताव.

आता मी काय म्हनायला पायजे व्हतं? "नर्मदे, पाखरू गं, पाखरू!" एवढंच ना? पन मी शपत घेतली व्हती, एक अक्षर जास्तीचं बोलायचं न्हाई! मी शब्दाची लय पक्की. म्हनून नुसतं आभाळाकडं बगितलं आन गालात हासले.

"पन कडूबाई, पिंगळा तर पहाटं येतो. ह्यो सांजच्याला कसा?"

हितं मातर माज्याच्यानं ऱ्हावलं न्हाई.

"शिकल्याला हाय त्यो," मी म्हनलं. "हापिसच्या टायमाला येतो!"

मंग दोन बाया अजून आल्या. त्यांनी इचारलं, पिंगळा दिसायला कसा? म्या एक बी शब्द खोटा सांगितला न्हाई, हळदकुंकवाचं ताट पुढं ठिवून सांगते! डोळे लय मोठे. रातभर झोपत न्हाई. मान पार पाठीपस्तोर फिरती. सांगा, यात काय खोटं हाय?

दुसऱ्या दिशी ताडकळसचा बाजार. सांजच्याला बांगड्यावाली दारात टेकली. "मावशी, तुमच्या गावाला लय मोठा पिंगळा येनार हाय म्हनं!"

"असं का? कोन म्हनलं?"

"आख्खा बाजार म्हनायलाय! परभनीच्या हापिसातून येतोय म्हनं. हात बघत न्हाई, कुंडली बघत न्हाई. नुसते डोळे वटारले की समदं सांगतो. रातभर ध्यान करतो. आन मान गरागरा मागं फिरवून मानसाचा मागला जन्म बघतो!"

बगा! नळावरनं धाडली तवा नुसत्या लुगड्यावर व्हती माजी बातमी. सांजच्याला येतानी पैठणी नेसून आली!

मला वाटलं, आता धम्मशीलाला सांगावं. मंग वाटलं, कशाला पोरीला ताप? मानसं पायजेत, मानसं येतील. पाखरू बघून चार शिव्या देतील आन घरी जातील. शिव्या मला काय नव्या हायत का?

शुक्रवार उजाडला आन माजे डोळेच फिरले! दुपारपासून जीपा, आटो, फटफट्या! राणीसावरगावची एक जीप तर अशी भरल्याली, की डायवर बाहीर लटकून आतल्याला सांगत व्हता, कुठं वळायचं ते! भेळवाला आला. फुगेवाला आला. एक बाई लेकाचं लगन जमंना म्हनून लेकालाच घिऊन आली, आन एक गडी म्हैस हरवली म्हनून म्हशीचा दोर घिऊन आला. आन समद्यांच्या म्होरं, कडक इस्त्रीच्या धोतरात, खुर्ची टाकून कोन बसल्यालं? व्यंकटराव! संगं त्यांची बायकू तानुबाई, हातात नारळ, मांडीवर कोरं धोतर.

"काकू," ते माज्या कानात म्हनले, "आवंदा इलेक्शनला हुबा ऱ्हाऊ का नगं, एवढंच इचारायचंय. माजा नंबर म्होरं लावा."

म्हंजी ज्याच्या नावानं गडी झाड तोडायला निगाला, त्यालाच भविष्य इचारायला नारळ घिऊन बसला, आन त्याला ठावं बी न्हाई!

आन तेवढ्यात धम्मशीला आली. गर्दी बघून पोरीच्या डोळ्यात टचकन पानी.

"आजी! एका पाखरासाठी एवढी मानसं!"

"मंग! लोकं आता लय जागरूक झालीत बाई," मी म्हनलं, आन हळूच नर्मदाबाईच्या मागं सरकले.

पोरीनं माईक हातात घेतला. "नमस्कार! तुमी समदे पिंगळ्यासाठी आलात, मला लय आनंद झाला."

"पिंगळा कुठं हाय?" मागनं आवाज आला.

"झोपलाय. दिवस मावळता मावळता उठंल."

"ऱ्हायला कुठं उतरलाय?"

"ह्याच लिंबात. वर्सानुवर्सं हितंच ऱ्हातो."

गर्दीतनं "वा, वा!" झालं. तानुबाईनं हात जोडले. "तपस्वी हाय गं बाई!"

"काय खातो?"

"उंदरं. टोळ. किडे."

कोनतरी घाबरून म्हनलं, "अघोरी दिसतोय!"

लेकाला घिऊन आल्याली बाई उठली. "ताई, त्यांचं सोताचं लगन झालंय का?"

"झालंय की! जोडीनं ऱ्हात्यात. आत्ता दोन पिल्लं बी हायत."

"पिल्लं?"

आता गर्दी एकमेकाच्या तोंडाकडं बघाय लागली. धम्मशीला माज्याकडं बघाय लागली. मी भेळवाल्याकडं बघाय लागले.

आन नेमकं तवाच, ढोलीतनं एक गोल मुंडकं बाहीर आलं. पिवळे डोळे. एवढी गर्दी बघून त्यानं दोनदा मान खाली-वर केली आन वरडलं, "चिर्रर्र चिवक! चिवक!"

"हा बगा पिंगळा!" धम्मशीला आनंदानं वरडली.

"हे? हे तर घुबड हाय!"

"आरं, फसवलं!"

"आमी जीपीचं भाडं भरून आलाव!"

"कोन म्हनलं व्हतं पिंगळा येनार म्हनून?"

नर्मदाबाईचे कान जड, पन बोट लय नीट. तिनं ते सरळ माज्याकडं केलं. एवढ्या गर्दीनं एकदम माज्याकडं बगितलं. मला वाटलं, त्या ढोलीत माज्यापुरती जागा असती तर किती बरं झालं असतं!

धम्मशीला हळूच म्हनली, "आजी... काय सांगितलं तुमी?"

"एक अक्षर जास्तीचं न्हाई!" मी म्हनलं. "हापिसचा टायम तेवढा माजा."

व्यंकटराव खुर्चीवरनं ताडकन उठले. "काकू, माजी थट्टा करता? माज्याच बांधावर? ह्या अपशकुनी बेन्यापुढं मला नारळ घिऊन बसवता? शनवार कशाला, आत्ताच मशीन बोलवतो!" आन त्यांनी खिशातनं मोबाईल काढला.

"थांबा! कोन हाय त्यो हापिसवाला पिंगळा? मला बघू द्या!"

गर्दी फाकली. मधून कोन यावं? भागवत! आमचा खराखुरा पिंगळा जोशी! खांद्याला झोळी, हातात कुडमुडं, आन दिसाउजेडी पेटवल्याला कंदील! "ही गावं माज्या आज्यापासून माजी! कोन घुसलाय माज्या हद्दीत? बाहीर या म्हनावं!"

मी वर बोट केलं. "त्यो बग."

भागवतानं वर बगितलं. कंदील खाली ठिवला. डोक्याचं पागोटं काढलं आन वाकून नमस्कार केला. "ह्ये व्हय! ह्ये तर माजे मालक!" मंग व्यंकटरावाकडं वळला. "दादा, ह्यालाच तुमी अपशकुनी म्हनता? ह्याच्या नावानं माज्या झोळीत जवारी घालता, आन ह्याचं घर तोडता? मंग माजं बी घर तोडा की!"

"तू तर बोलूच नगंस!" व्यंकटराव कडाडले. "मागच्या इलेक्शनला तूच सांगितलंस ना, निवडून येता म्हनून? नवं कोरं धोतर नेलंस! आन मी पडलो!"

भागवत कान खाजवत म्हनला, "मालकांनी सांगितलं नीटच असंल दादा. तवा वारं लय व्हतं. मला बरूबर ऐकू आलं न्हाई."

गर्दी हासली, आन त्या हासन्यात धम्मशीला म्होरं आली. आवाज कसा? घंटीवानी!

"काका, तुमी म्हनला व्हता, गाव जमव मंग बोल. गाव जमलंय. कसं जमलं ते सोडा. बोलू का?"

एवढ्या लोकांपुढं न्हाई कसं म्हनावं? व्यंकटराव मोबाईल हातात धरून बसले.

तिनं पिशवीतनं पांढरी ताटली काढली. त्यात लिंबाखालून येचल्याल्या करड्या, सुकल्याल्या गोळ्या. अंगठ्याएवढ्या. "ह्या म्होरनं मागं फिरवा, नीट बगा," ती म्हनली.

ताटली नर्मदाबाईपाशी आली. तिनं एक गोळी उचलली, डोळे मिटून कपाळाला लावली आन आ केला!

"अगं माय!" म्या तिचा हात धरला. "ती परसाद न्हाई! पिंगळ्याची उलटी हाय!"

"काय हाय?"

"उलटी! उलटी!"

नर्मदाबाईला आयुष्यात पयल्यांदा एका दमात ऐकू आलं. गोळी उडाली ती थेट भेळवाल्याच्या टोपल्यात! त्याच्या नंतर भेळ कोनी घेतली न्हाई.

धम्मशीलानं दुसरी गोळी पान्यात भिजवली, चिमट्यानं उकलली. "पिंगळ्याला जे पचत न्हाई, त्याची गोळी करून त्यो तोंडातनं टाकतो. बगा, हे टोळाचे पाय. हे किड्यांचं कवच. आन हे दोन दात दिसले का? उंदराचे. काका, हे तुमच्याच बांधाखालचं हाय. हे उंदीर तुमच्याच गव्हात व्हते."

एवढाले मिशीवाले गडी, पन लेकरावानी मान लांब करकरून बघाय लागले. म्हशीवाला दोर इसरला. तानुबाई ताटलीवरनं उठंचना. "अवो, एवढंसं पाखरू, आन रातभर आपलं रान राखतंय! गडी ठिवला असता तर त्यो बाजंवर घोरला असता!"

व्यंकटराव मातर हळूच म्हनले, "ते समदं खरं असंल. पन पोरी, माजं काय? मी आवंदा हुबा ऱ्हाऊ का नगं? काय म्हनतो ह्यो?"

भागवत लगबगीनं तिच्या कानाला लागला, "ताई, हो म्हन! 'हुबा ऱ्हा, येशील' म्हन! झाड वाचतंय बग!"

म्या बी मागनं चिमटा काढला. "एका 'हो'चा तर सवाल हाय गं! मी असते तर सरपंच काय, आमदार केला असता त्यांना!"

पोरीनं ढोलीकडं बगितलं. आईच्या पंखाखालनं एक पिल्लू डोकावत व्हतं, कापसाच्या बोंडावानी. त्या पिल्लासाठी तिनं व्यंकटरावाच्या उंबऱ्यावर किती खेपा मारल्या, ते म्या बगितलंय. नुसतं 'हो' म्हनायचं व्हतं.

ती म्हनली, "काका, खरं सांगू? ह्या पाखराला इलेक्शनमधलं काय कळत न्हाई. मला बी कळत न्हाई. ते तुमच्यासाठी वरडत न्हाई. आपल्या जोडीदाराला हाक मारतं. तुमी येनार का पडनार, ते मी सांगितलं तर खोटं सांगितलं व्हईल."

झालं! म्या कपाळावर हात मारला. गेला लिंब, गेली पिल्लं! पन तुमाला सांगते, कपाळावरचा हात तसाच ठिवून मी त्या पोरीकडं बघत ऱ्हायले. एवढी वर्सं झाली, माज्या तोंडाला असं काय कधी जमलं न्हाई.

व्यंकटराव उठले. एकेकाकडं बोट करत म्हनाय लागले.

"मागच्या टायमाला ह्या भागवतानं सांगितलं, येता. भावकीनं सांगितलं, येता. आन कडूकाकू, तुमी तर सांगितलं, ईरोधकाचं डिपाजिट जातंय!"

म्या परत भेळवाल्याकडं बगितलं.

"समदं गाव माज्या घरचा च्या पिऊन गोड बोललं. आन आठ दिस हे एकटं बांधावर बसून बोंबलत व्हतं. मला वाटलं, अपशकुन करायलंय." त्यांचा आवाज चढला. "आरं, अपशकुन कसला? त्यो मला सांगायला आलता! व्यंकट्या, पडशील रे, पडशील! आख्ख्या गावात खरं बोलनारा ह्यो एकटा! आन आज ही दुसरी!"

"काका, तसं न्हाई, ते पाखरू फकस्त..." धम्मशीला सुरू झाली.

ह्या टायमाला म्या असा चिमटा काढला, की पोरीचं पुढचं वाक्य आजपस्तोर बाहीर आलं न्हाई!

"तानू, मशीनवाल्याला फोन लाव," व्यंकटराव म्हनले. "लिंबाला हात लावायचा न्हाई म्हनावं. खरं बोलनारं एक तरी पायजे बांधावर."

कोरं धोतर भागवताला मिळालं. "वारं नसतानी ऐकत जा," व्यंकटराव त्याला म्हनले. नारळ फोडायला निगाले तर धम्मशीला आडवी आली, "काका, पिल्लं भेतील!" म्हनून मंग त्यो पार वेशीत नेऊन फोडला.

गर्दी पांगली. धम्मशीलानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता पोरगी पाया पडती. म्या पाय म्होरं बी केले.

"आजी, तुमी नसतात तर आज कोनी आलं नसतं," ती म्हनली.

"ऱ्हाऊ दे गं," म्या लाजून म्हनलं.

"पन आता रोज लोकं हितं भविष्य इचारायला येतील. तुमी जमवले, तुमीच निस्तरा. रोज सांजच्याला लिंबाखाली बसायचं, आन येईल त्याला ह्या पाखराची माहिती सांगायची. खरी. नुसती खरी."

"अगं, मी? आन खरी?"

"शपत घ्या. नर्मदाबाईची चालनार न्हाई."

तवापासून बसते बगा रोज. पिल्लं उडाली, आता चौघंजन वळीनं फांदीवर बसत्यात. मी सांगते, टोळ खातो, किडे खातो, जोडीनं ऱ्हातो. एवढं खरं बोलून माज्या जिभेला फोड यायची येळ आली.

परवा पाथरीची एक पाव्हनी आली. "आजी, ह्यो उंदरं किती खातो हो?"

आता दिवसभराचं खरं बोलून दमल्याली मी! तोंडातनं निसटलंच. "ह्यो? एका रातीत बैलगाडीभर!"

"आजी!" मागं धम्मशीला हुबी!

"एखादाच उंदीर," ती पाव्हनीला म्हनली. "बाकी किडे."

"बरं बाई, एक," म्या म्हनलं.

धम्मशीला चार पावलं म्होरं गेली. म्या पाव्हनीला जवळ वढलं आन तिच्या कानात सांगितलं, "एकच. पन केवढा? म्हशीएवढा!"

वर बगितलं तर पिंगळा माज्याकडंच बघत व्हता. मंग त्यानं हळूच मान फिरवली, ती पार पाठीपस्तोर.

माजा मागला जन्म बघत असंल. दुसरं काय!